डीओ झालेल्या डॉक्टरला अमेरिकेत डावललं जाऊ नये म्हणून काय करावं?

शाहूपुरीकर :
भाची अमेरिकेत डीओच्या (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) दुसऱ्या वर्षाला आहे. रेसिडेन्सीला (पदवीनंतरचं दवाखान्यातलं प्रशिक्षण) एमडीवाल्यांना (तिकडं एमडी ही डॉक्टरकीची नेहमीची पहिली पदवी) आधी घेतात, डीओंना मागं ठेवतात असं कानावर येतंय. इकडं पाहुण्यांत तर 'ऑस्टिओपॅथ म्हणजे हाडवैद्यच की' असं चाललंय. तिनं आत्तापासून काय करावं? कायद्याचा काही आधार आहे का?

पंचगंगाकाठ :
दादा, आधी पाहुण्यांचं. तालमीत खांदा बसवणारे वस्ताद वेगळे. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ वेगळा, त्याची नोंदणी डॉक्टरांच्या यादीत नसते. अमेरिकेतला डीओ मात्र पूर्ण परवान्याचा डॉक्टर. पन्नासही राज्यांत औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो. हातानं करायचे उपचार हा त्याचा साधारण २०० तासांचा जादा अभ्यास.

रेसिडेन्सीची मान्यता जून २०२० अखेर दोघांसाठी एकाच संस्थेकडं, एसीजीएमईकडं आली. दार एक झालं, चाळणी राहिली. बहुतेक अर्ज इरास या ऑनलाइन अर्जप्रणालीतून जातात आणि कित्येक प्रोग्राम संगणकावर यूएसएमएलई (एमडीवाल्यांची परवाना परीक्षा) स्टेप २ च्या गुणांची अट लावून ठेवतात. डीओंची स्वतःची परीक्षा कॉमलेक्स. ती एकटीच दिली असेल तर अर्ज कुणी उघडायच्या आधीच बाजूला पडतो आणि कारणही कळत नाही. शिवाय मोजपट्टी वेगळी. कॉमलेक्स लेव्हल २ ला ४०० वर पास, स्टेपची पट्टीच ३०० पर्यंत.

२०२२ पासून दोन्हीकडची पहिली परीक्षा नुसती पास-नापास झाली, त्यामुळं सगळा भार दुसरीवर. ऑर्थो, त्वचारोग, न्यूरोसर्जरी हवी असेल तर दोन्ही द्याव्यात, काही आठवड्यांच्या अंतरानं. अभ्यास बराचसा तोच, फक्त हस्तोपचाराची उजळणी वेगळी. फॅमिली मेडिसिनला कॉमलेक्स बहुतेक ठिकाणी पुरते. पण तयारीविना यूएसएमएलईला बसू नये. नापास झाल्याची नोंदही गुणपत्रकात जाते. कॉमलेक्सचं गुणपत्रक इरासमध्ये प्रत्येक प्रोग्रामला वेगळं जोडावं लागतं. हे राहून जातं आणि अर्ज अर्धवट दिसतो.

कागदपत्री :
कायद्याचं सरळ सांगतो. केंद्राचा नोकरीतल्या भेदभावाचा कायदा वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश यांना धरून आहे. पदवी त्यात येत नाही. नुसतं 'डीओ म्हणून नाकारलं' एवढ्यावर तिथं दाद लागत नाही. मूळ देशावरून नाकारलं तर लागते, आणि तक्रारीची मुदत राज्यानुसार १८० किंवा ३०० दिवस. म्हणून राज्याचा कायदा बघायचा. कॅलिफोर्नियात व्यवसाय संहितेच्या कलम २४५३ नं एमडी आणि डीओंना समान दर्जा दिला आहे. त्याच राज्यानं १९६२ नंतर नव्या डीओंना परवाने देणं थांबवलं होतं, ते १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सुरू करायला लावलं.

पुढं नोकरी लागल्यावर दवाखान्याची नियमावली नीट वाचावी. मेडिकेअरच्या (तिथला सरकारी आरोग्यविमा) अटींनुसार केवळ एखाद्या बोर्डाचं (विशेषज्ञांना प्रमाणपत्र देणारी संस्था) प्रमाणपत्र नाही म्हणून रुग्ण बघायचा हक्क नाकारता येत नाही. नकार आला तर कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागावं. तोंडी उत्तरावर गप्प बसू नये.

राजारामपुरी :
अर्ज करण्याआधी प्रत्येक प्रोग्रामच्या संकेतस्थळावर सध्याच्या रेसिडेंटांची यादी उघडावी. नावांपुढं डीओ किती दिसतात ते मोजावं. एकही नसेल तर ईमेल करावा : 'फक्त कॉमलेक्सचा अर्ज तपासता का? गेल्या तीन वर्षांत किती डीओ घेतले?' उत्तर जपून ठेवावं. चौथ्या वर्षाची बाहेरची रोटेशनही (दुसऱ्या दवाखान्यांत काही दिवस काम शिकणं) डीओ घेणाऱ्या ठिकाणीच घ्यावी, पण डीओ विद्यार्थ्यांना जादा फी लावतात का ते आधी विचारून.