'हायलंड' हा शब्द मुलांच्या डोक्यात पक्का कसा बसवावा?

बरडावरचा मास्तर
अचलपूर तालुक्यातल्या एका गावात आठवीच्या शिष्यवृत्तीच्या तयारीला वीसेक पोट्टे बसतात. उंच डोंगराळ प्रदेशासाठी 'हायलंड' हा शब्द शिकवायचा आहे. शब्दकोशातला 'उच्चभूमी' हा अर्थ ते पाठ करतात. पण दुसऱ्या दिवशी तीन चुका ठरलेल्या असतात: बोलताना 'आयलंड' म्हणतात, लिहिताना मधला जी-एच खातात आणि वाक्यात हिल, प्लॅटो, हायलंड यांतलं काहीही टाकतात. उत्तरेला गाविलगडाची रांग रोज डोळ्यांसमोर असते. ती हिल की हायलंड, हेही विचारतात. नेमकं कसं शिकवावं, सांगा जी.

पायनघाटकर
सर, 'उच्चभूमी' आधी फळ्यावरून पुसा. मुलाला त्या शब्दातून काही दिसत नाही, म्हणून तो टिकत नाही. त्याऐवजी मुलांना बाहेर, गाविलगडाकडे तोंड करून उभं करा. बोटानं दाखवता येतो तो एकेक डोंगर किंवा टेकडी, म्हणजे माउंटन किंवा हिल. हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा लागतो तो हायलंड. त्यात टेकड्या, दऱ्या, घाट, मधली सपाटी, गावं, जंगल सगळं आलं. प्लॅटो म्हणजे पठार. वर चढून गेल्यावर जमीन बऱ्यापैकी सपाट लागली पाहिजे. हायलंडात असं पठार असू शकतं, पण प्रत्येक पठार डोंगराळ नसतं.

अमुक मीटरच्या वर गेलं की हायलंड, असा नियम नाही, हेही सांगून टाका. चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर आहे. स्कॉटलंडच्या हायलंड्समधलं सगळ्यात उंच शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटर, तर इथिओपियाच्या हायलंड्समध्ये शिखरं ४,००० मीटरच्या वर जातात. तिन्हींना तोच शब्द चालतो, कारण आजूबाजूच्या सखल भागापेक्षा प्रदेश किती उठलेला आहे, हे इथे पाहायचं असतं. परतवाडा ४०० मीटरच्या आत आहे. तिथून चिखलदऱ्यापर्यंत ७०० मीटरहून जास्त चढ आहे. एवढा फरक मुलांना गाडीत बसल्यावर कानातसुद्धा जाणवतो.

आपल्या वऱ्हाडात या अर्थाची जोडी आधीपासून आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा सखल पट्टा तो पायनघाट आणि दक्षिणेकडचा बुलडाणा-वाशीम-यवतमाळचा उंच भाग तो बालाघाट. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा, 'पाईन' म्हणजे खालचा. हायलंड-लोलंड ही विरुद्धार्थी जोडी यावर अलगद बसते. मेळघाट तिसरा, तो तर उघड डोंगराळ.

उच्चारवही
आयलंडचा गोंधळ आधी कानातून काढा. दोन्ही शब्दांत फरक फक्त सुरुवातीच्या 'ह'चा आहे. आपल्या बोलीत 'नाही'चं नाई आणि 'पाहिजे'चं पायजे होतं, पण शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' शाबूत राहतो. म्हणजे तो मुलांना जमतो, फक्त ऐकायची सवय लावायची. ज्वारीच्या हायब्रीडला कोणी 'आयब्रीड' म्हणत नाही. तोच 'हाय' उचला आणि त्याला इंग्लंड, फिनलंड या नावांचा शेवट जोडा. तळहात तोंडासमोर धरायला लावा. हायलंड म्हणताना हातावर श्वास लागतो, आयलंडला लागत नाही. मग तुम्ही दोन्ही शब्द उलटसुलट दहा वेळा म्हणा. हायलंड ऐकलं की मुलांनी हात डोंगराकडे करायचा, आयलंड ऐकलं की जमिनीवर गोल काढायचा.

आघात पहिल्या अवयवावर. एकट्या 'लँड'मधला 'अॅ' इथे दबतो, म्हणून 'हायलँड' असं ताणून म्हणू नये.

स्पेलिंगसाठी हाय, नाइट, लाइट, राइट हे चार शब्द एकाखाली एक लिहा. चौघांतही आय-जी-एच आहे, आणि त्यातला जी-एच मुका आहे. जुन्या इंग्रजीत तिथे घशातला आवाज होता. तो बोलण्यातून गेला, लिहिण्यात राहिला. आयलंडमधल्या एसचं उलट आहे. तो मुळात नव्हताच, 'आइल' या शब्दाच्या प्रभावानं नंतर घुसला. म्हणून तिथे जी-एच नाही आणि इथे एस नाही. आठवीच्या मुलांना हे कारण समजतं, आणि कारण कळलं की घोकणं निम्मं होतं.

रिकाम्या जागा
वाक्यातल्या चुकांबद्दल. प्रदेश म्हणून बोलताना बहुधा 'द' आणि शेवटी एस लागतो: 'दे लिव्ह इन द हायलंड्स'. शब्दयोगी 'इन', कारण माणूस त्या प्रदेशाच्या आत असतो. हिल आणि प्लॅटोला मात्र 'ऑन', कारण तिथे पृष्ठभाग डोळ्यांसमोर असतो. पुढे नाम आलं तर एस गळतो: 'हायलंड व्हिलेज', 'हायलंड फार्मर'. इथे 'हायलंड्स व्हिलेज' लिहिणारे खूप. पहिलं अक्षर मोठं फक्त विशेषनामात, जसं 'स्कॉटिश हायलंड्स'.

पुराच्या बातमीत 'लोकांना उंच जागी हलवलं' असं येतं, तिथे हायलंड चालत नाही. त्याला इंग्रजीत 'हायर ग्राउंड' म्हणतात. पूर्णेकाठच्या मुलांना हे वाक्य लिहायची वेळ येतेच.

पायनघाटकर
एक भर. भूगोलात 'सेंट्रल हायलंड्स' हे विशेषनाम आलं तर घाईनं मेळघाट जोडू नका. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात ते नर्मदेच्या उत्तरेच्या, मुख्यतः माळव्याच्या पठाराच्या भागाला दिलं आहे. सातपुडा तिथे दख्खनच्या पठाराची उत्तरेकडची कड म्हणून येतो. वन्यजीवांच्या लेखनात मात्र 'सेंट्रल इंडियन हायलंड्स' म्हणताना सातपुडा आणि मेळघाटही धरतात. परीक्षेत पुस्तकातला अर्थ लिहायचा.

बरडावरचा मास्तर
हाताची खूण उद्याच करतो. 'अपलंड' शब्दही यादीत आहे, त्याचं काय? आणि उजळणी किती दिवसांनी घ्यावी?

रिकाम्या जागा
अपलंड म्हणजे नदीकाठापासून, किनाऱ्यापासून आत असलेली चढाची जमीन. डोंगर असलेच पाहिजेत असं नाही. कापूस दाखवून समजवा. आपल्याकडच्या बीटी कपाशीची जात बहुतेक गॉसिपियम हिर्सुटम, तिला इंग्रजीत 'अपलंड कॉटन' म्हणतात. अमेरिकेत किनाऱ्यालगतच्या बेटांवर लांब धाग्याचा 'सी आयलंड' कापूस व्हायचा आणि आतल्या जमिनीवर हा, त्यावरून नाव पडलं. म्हणजे आपल्या काळ्या सपाट शेतातही उभं असतं ते अपलंड कॉटनच. एकाच उदाहरणात अपलंड आणि आयलंड दोन्ही वेगळे होतात.

उजळणी त्याच दिवशी संध्याकाळी, मग तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. मराठी अर्थ विचारू नका. फळ्यावर उभा छेद काढा: डावीकडे पूर्णा, मध्ये परतवाडा, उजवीकडे वर चिखलदरा. नावं न देता बाण दाखवा आणि शब्द मुलांकडून लिहून घ्या. सातव्या दिवशी जे चुकतील त्यांनाच दहाव्या दिवशी परत बसवा, सगळ्या वर्गाला नको.