‘पार्श्वसंगीत’ : पार्श्व म्हणजे मागे, की बाजूला?

गेल्या महिन्यात कोथरूडमध्ये एका मित्राच्या घरी आम्ही सातआठ जण पाश्चात्त्य वाद्यवृंदाची काही ध्वनिमुद्रणे ऐकायला जमलो होतो. निवेदन माझ्याकडे होते आणि मी सुरुवातीलाच म्हणालो, ‘‘आज आपण एका थरारपटाचे दुर्लक्षित पार्श्वसंगीत ऐकणार आहोत.’’ मित्राचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो, चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, ‘‘अहो, जे चित्रपटात वाजलेच नाही, ते पार्श्व कशाचे?’’ मला तेव्हा उत्तर देता आले नाही. तो प्रश्न येथे मांडतो आहे.

ज्या संगीताविषयी मी बोलत होतो, ते अमेरिकी संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘टॉर्न कर्टन’ (1966) या चित्रपटासाठी लिहिले होते. ‘सायको’ (1960) मध्ये केवळ तंतुवाद्ये वापरून हर्मन यांनी जे केले, ते सर्वांना ठाऊक आहे. न्हाणीघरातल्या प्रसंगातल्या व्हायोलिनच्या किंकाळ्या तर चित्रपट न पाहिलेल्यांनीही ऐकलेल्या असतात. सहा वर्षांनी त्यांनी नेमके उलटे केले. व्हायोलिन एकही नाही. 12 फ्लूट, 16 हॉर्न, 9 ट्रॉम्बोन, 2 ट्यूबा, 8 चेलो, 8 डबल बास आणि टिंपनीचे, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचे, दोन संच. सुरुवातीच्या शीर्षकसंगीतात पितळी वाद्यांचे आघात असे पडतात की एखादे लोखंडी दार आतून ठोकले जात आहे असे वाटावे, आणि त्यांच्या वर फ्लूट एखाद्या थंड वाऱ्यासारखे फिरत राहतात. मधली जागा, जिथे एरवी व्हायोलिनची ऊब असते, ती मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे. माझ्या मते या संगीताची सगळी भीती त्या रिकाम्या जागेत आहे. हिचकॉक यांना मात्र हलकेफुलके, त्या काळच्या तरुणांना रुचेल असे काही हवे होते. ध्वनिमुद्रण चालू असतानाच त्यांनी हे संगीत नाकारले, ते काम संगीतकार जॉन ॲडिसन यांच्याकडे गेले आणि हिचकॉक व हर्मन यांनी पुन्हा कधीही एकत्र काम केले नाही.

आता शब्दाकडे वळतो. संस्कृतात ‘पार्श्व’ हा शब्द ‘पर्शु’ म्हणजे बरगडी यावरून आला आहे, त्यामुळे त्याचा मूळ अर्थ कूस, बगल, बाजू असा होतो. पुण्यात योगासनांच्या वर्गाला जाणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको, कारण ‘पार्श्वकोणासना’त बाजूचा ताण कुठे जाणवतो हे त्यांच्या बरगड्यांनाच माहीत असते. मराठीत मात्र हा शब्द हळूहळू बाजूकडून मागे सरकला. ‘पार्श्वभूमी’ म्हणजे मागची भूमी, ‘पार्श्वगायन’ म्हणजे पडद्यामागचे गाणे, आणि ‘पार्श्वभाग’ या शब्दाचा सभ्य मराठीतला अर्थ तर बसल्याशिवाय कळत नाही. ‘पार्श्वसंगीत’ याच रांगेतले असल्यामुळे, हा शब्द उच्चारताच आपण ते संगीत मनातल्या मनात एक पायरी खाली उतरवून मागे उभे करतो. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ या म्हणीत कळसा बरोबर पार्श्वातच आहे, पण तो दिसत नाही. चित्रपट-संगीताच्या या प्रकाराचे आपण तेच करून ठेवले आहे.

पर्याय म्हणून एका मैत्रिणीने ‘नेपथ्यसंगीत’ सुचवले. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्याआडची रंगभूषा-वेशभूषेची जागा, म्हणून तिथे हा शब्द शोभला असता. परंतु आज मराठी रंगभूमीवर नेपथ्य म्हणजे सेट, आणि नेपथ्यसंगीत म्हटल्यावर वाचकाला प्लायवूडच्या भिंती दिसतील. ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्दही आपल्याकडे वेगळ्या वाटेने गेला आहे; तो ऐकताच आपल्याला हिंदी गाण्यांचा, निवेदकाच्या विनोदांचा आणि ‘वन्स मोअर’चा कार्यक्रम आठवतो. म्हणून तिथे ‘वाद्यवृंद’च बरा. चित्रपटाच्या संगीताला इंग्रजीत म्हणतात तो ‘स्कोअर’ मात्र मराठीत आणणे मला अशक्य वाटते, कारण आपल्याकडे स्कोअर विचारला की समोरचा माणूस किती धावा आणि किती गडी हेच सांगतो.

‘अंडररेटेड’साठी मी ‘दुर्लक्षित’ म्हणालो, तेही तपासून पाहावे लागेल. दुर्लक्षिताकडे कोणाचे लक्षच गेलेले नसते. ‘उपेक्षित’मध्ये ‘उप’ आणि ‘ईक्ष्’ आहेत, म्हणजे पाहून न पाहिल्यासारखे करणे आले. हर्मन यांच्या या संगीताबाबतीत तिसरेच घडले. ते ऐकून, समजून, स्पष्टपणे नाकारले गेले. त्याला ‘नाकारलेले’ म्हणण्यात काहीच कमीपणा नाही. (काही जण अशा ठिकाणी ‘अधोरेखित’ लिहितात. अधोरेखित म्हणजे ज्याच्याखाली रेघ ओढली आहे ते, म्हणजे अर्थ थेट उलटा होतो.)

एक प्रतिसाद

आपले विवेचन आवडले, परंतु ‘मागे सरकला’ हे पूर्णपणे पटले नाही. महाविद्यालयात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी भरत नाट्य मंदिरात मी एका एकांकिकेचे संगीत चालवत असे. माझी जागा विंगेत, म्हणजे अक्षरशः पार्श्वात होती. टेपरेकॉर्डरच्या काउंटरवरचा आकडा एका डोळ्याने पाहायचा, दुसऱ्याने नटाचा हात, आणि तो हात दाराच्या कडीला लागण्याच्या किंचित आधी बटण दाबायचे. एकदा मी अर्धा सेकंद उशीर केला आणि दार उघडल्यानंतर भीती आली, प्रेक्षक हसले. मागे उभ्या असलेल्या माणसाला उशीर झाला तर कोणाला कळत नाही, बरोबरीने चालणाऱ्याला झाला तर लगेच कळते. तेव्हा मूळ अर्थ अजून जिवंत आहे असे मला वाटते. शिवाय आपल्याच प्रभातच्या ‘कुंकू’ (1937) मध्ये असे संगीत जवळजवळ वर्ज्य करून प्रत्यक्षातल्या आवाजांवर काम भागवले होते. तिथे बाजूची जागा रिकामी असूनही ती जागा आहे हे कळते.

मूळ लेखकाचे उत्तर

विंगेचा दाखला मान्य, आणि त्यामुळे माझे मत बरेच बदलले. आपण ‘कुंकू’चे म्हणता तसेच ‘टॉर्न कर्टन’मध्येही आहे. शेतघरातल्या खुनाचा लांबलचक प्रसंग संगीताशिवाय हवा असे हिचकॉक यांचे म्हणणे होते, तरी हर्मन यांनी त्यासाठी संगीत लिहिले होते. प्रदर्शित चित्रपटात तो प्रसंग संगीताशिवायच आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो तसाच अधिक भेदक वाटतो. म्हणजे हे संगीत श्रेष्ठ आहे एवढ्यावरून ते त्या चित्रपटात असायलाच हवे होते, असे सिद्ध होत नाही. पुढे 1991 च्या ‘केप फिअर’साठी संगीतकार एल्मर बर्नस्टाइन यांनी हर्मन यांच्याच 1962 च्या मूळ ‘केप फिअर’चे संगीत नव्याने बांधले, तेव्हा या नाकारलेल्या संगीतातला काही भागही त्यात घेतला. एका चित्रपटाच्या कुशीतून निघालेले संगीत पंचवीस वर्षांनी दुसऱ्याच्या कुशीत गेले.

तेव्हा ‘पार्श्वसंगीत’ हा शब्द मी ठेवतो, मात्र बाजूच्या अर्थाने. पुढच्या बैठकीच्या कागदावर ‘हर्मन : टॉर्न कर्टन, नाकारलेले पार्श्वसंगीत’ असे लिहिले आहे. अण्णांना ते दाखवले. त्यांनी ‘नाकारलेले’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाले, ‘‘आता हे अधोरेखित झाले.’’

एक अडचण उरली आहे. 16 हॉर्न मराठीत कसे लिहावेत? हॉर्न म्हटले की कर्वे रस्त्यावरची संध्याकाळ आठवते, आणि ‘16 शिंगे’ लिहिले तर वाचक आठ बैल मोजेल. आपल्याकडच्या बँडवाल्यांमध्ये या वाद्यासाठी एखादा रूढ शब्द असल्यास कृपया कळवावा.