प्रतिसाद: आकडे काम सुरू व्हायच्या आधी घ्या
वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की कारखान्यात ऑटोमेशनचं काम केल्यावर त्याची सक्सेस स्टोरी लिहायची तर कस्टमर आकडे देत नाहीत, म्हणून ती 'उत्पादकता वाढली' अशी गुळमुळीत होते. अहो पण काम झाल्यावर मागितले तर कोण देणार, नवी लाइन सुरू झाली की जुना सायकल टाइम (एक नग बनायला लागणारा वेळ) कुणाच्या लक्षातही राहत नाही. जुनं कंट्रोल पॅनल काढायच्या आधीच शिफ्टच्या रजिस्टरमधून ब्रेकडाउन, रिजेक्शन, सायकल टाइम उतरवून घ्या, मग तेच नव्या पीएलसीवरून (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवरून) काढा. आणि नुसता ओईई (मशीनची एकूण कार्यक्षमता) वाढला असं लिहू नका, तो अव्हेलेबिलिटी (मशीन किती वेळ चालू), परफॉर्मन्स (किती वेगाने) आणि क्वालिटी (किती माल चांगला) यांचा गुणाकार, ९०, ९५ आणि ९९ टक्के असले तरी ८५ च्या आतच येतो, तेव्हा तिन्हीतलं नेमकं काय सुधारलं ते सांगा.

कस्टमरच्या नावाचं म्हणाल तर एनडीए (गोपनीयतेचा करार) असेल तर 'चाकणचा ब्रेक पार्ट बनवणारा कारखाना' एवढं पुरे. वाचणारा मेंटेनन्सवाला असतो हो, त्याला लोगोपेक्षा कूलंटच्या फवाऱ्यात सेन्सर कसा टिकवला, लाइन किती तास बंद ठेवावी लागली हे हवं असतं. मला तर तिथल्या मेंटेनन्सच्या माणसाचं एक वाक्य एमडींच्या अख्ख्या पॅराग्राफपेक्षा भारी वाटतं, फक्त छापण्याआधी त्याला वाचायला द्या आणि कंपनीची लेखी परवानगी घ्याच.