मदत हवी आहे : चांदोली ते कोयना सायकलवर, कमी गाड्यांचा रस्ता कुणी सांगेल का?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, वय ४९, सायकल जुनी स्टीलची, पुढं तीन मागं सात गिअर, कॅरिअरवर दोन पिशव्या आणि वर बांधलेलं बिछान्याचं वळकटं, म्हणजे सामानासकट चढाला लागलो की लोक थांबून विचारतात काय विकायला आणलंय म्हणून. सोबत मेव्हणे येणार आहेत, ते ५६, त्यांचे गुडघे बरे आहेत पण घाटात ते बोलायचं बंद करतात, तेव्हा समजायचं आता थांबायला पाहिजे.

डिसेंबरमध्ये पाच दिवस सुट्टी काढलीय. डोक्यात असं आहे की सांगलीतनं निघायचं, आष्टा, इस्लामपूर (ईश्वरपूर म्हणा आता), पेठ नाक्याला हायवे ओलांडून शिराळा, कोकरूड, आरळा करत चांदोली धरणापर्यंत जायचं, तिथनं उत्तरेला कसंतरी पाटण खोऱ्यात शिरायचं, कोयनानगर बघायचं आणि शेवटी साताऱ्याला निघून रेल्वेनं परत. हायवेवर एक किलोमीटरसुद्धा चालवायची नाही ही मेव्हण्यांची अट, आणि ती मला पटते, कारण सहा पदरी रस्त्याच्या कडेनं जाणं याला मी सायकल चालवणं म्हणत नाही.

आता अडचण कुठं आहे ते सांगतो. गेल्या वर्षी मी एकटाच चांदोलीला गेलतो. मोबाईलच्या नकाशात धरणाच्या पलीकडनं वर जंगलात तुटक तुटक रेघ दिसत होती, ती थेट कोयनेच्या अंगाला जाते असं वाटलं, म्हटलं वा, हाच आपला रस्ता. मणदूरच्या पुढं वनखात्याच्या गेटवर अडवलं. गार्ड माणूस चांगला होता, पाणी दिलं, आणि म्हणाला साहेब हे राष्ट्रीय उद्यान आहे, आत जायचं तर परवाना पाहिजे आणि तोही ठरलेल्या रस्त्यावर गाडीतनं, सायकलचं नावच काढू नका. चूक माझीच, चौकशी न करता गेलो. परत फिरेपर्यंत साडेपाच वाजले, थंडीचा दिवस, उजेड पटकन गेला आणि एका वळणावर चार गवे रस्त्यात उभे. मी पण उभा. त्यांनी बघितलं, मी बघितलं. पंधरा-वीस मिनिटं असाच सायकलला धरून उभा होतो, पाय थरथरत होते ते चढामुळं का भीतीमुळं माहीत नाही. शेवटी मागनं दुधाची गाडी आली, तिच्या उजेडात ते बाजूला झाले आणि मी त्या गाडीमागं गावापर्यंत आलो. ही गोष्ट अजून घरात सांगितलेली नाही, त्यामुळं कुणी ओळखीचं वाचत असेल तर कृपा करा.

तर विचारायचं असं की :

उद्यानाच्या बाहेरनं पण जंगलाच्या जवळनं जाणारा डांबरी रस्ता आहे का? गुढे-पाचगणीच्या पठारावरनं ढेबेवाडीकडं उतरता येतं असं ऐकलंय, पवनचक्क्या आहेत तिथं. तो रस्ता सामान लादलेल्या सायकलला जमेल का ढकलत न्यावी लागेल? ढेबेवाडीतनं दिवशी घाट चढून पाटणला उतरायचं हे बरोबर आहे ना? आणि पाटण ते कोयनानगर हा चिपळूणचाच रस्ता, ट्रकांचा, त्याला काही पर्याय? कोयनेहून साताऱ्याला जाताना चाळकेवाडी, ठोसेघर, सज्जनगड असं पठारावरनं जावं का? राहण्याचं आम्हाला फार काही लागत नाही, देऊळ, शाळेचा व्हरांडा, कुणाची पडवी, काहीही चालतं. मेव्हण्यांना फक्त सकाळी चहा वेळेवर लागतो.

कोयनाकाठ :
दादा, पहिलं काम म्हणजे वेळ पाळा. चारनंतर जंगलाच्या कडेला चालवायची नाही, साडेचारला ज्या गावात असाल तिथंच मुक्काम. गवा दिसला तर तुम्ही केलं तेच बरोबर, उतरायचं, थांबायचं, घंटी वाजवायची नाही, फोटोसाठी पुढं जायचं नाही. कळपापेक्षा एकटा नर असेल तर जास्त जपा. बिबट्याची भीती सगळ्यांना असते पण रस्त्यावर खरा धोका गव्याचाच. तो अंगानं हजार किलोच्या आसपास भरतो आणि घाबरला की कुठं पळेल सांगता येत नाही.

पाटण ते कोयनानगर वीसेक किलोमीटर, त्याला पर्याय शोधत बसू नका. पहाटे उजाडल्या उजाडल्या निघा, नऊच्या आत पोचाल, ट्रक तोपर्यंत कमी असतात. कोयनानगरला सामान टाकून रिकाम्या सायकलनं नवज्याला जाऊन या, तो तुकडा सगळ्या ट्रीपमधला सगळ्यात शांत, एका बाजूला डोंगर, झाडीतनं मधेच शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, दिसतो. ओझर्डे धबधबा डिसेंबरात बारीक झालेला असतो, त्यासाठी जाऊ नका, रस्त्यासाठी जा. धरणाचे फोटो काढायला बंदी आहे, पोलीस हटकतात.

उसाचा_गाडा :
तुम्ही सांगलीचे आणि डिसेंबरात आष्टा-इस्लामपूर-शिराळा जाताय? गळीत हंगाम सुरू असतो हे विसरलात काय 😄 दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस बाहेर आलेला. सायकलवाल्याला ओव्हरटेक करताना पुढची ट्रॉली लांबनं जाते आणि मागची आत येते, माझा एकदा आरसा गेलाय, खांदा वाचला. शिराळ्यापर्यंतचा भाग सकाळी सात ते अकरा यातच उरका आणि मागनं ट्रॅक्टर आला की सरळ खाली उतरा, इगो बाजूला ठेवा. कोकरूडच्या पुढं वारणेकाठानं बरं आहे, उसाच्या गाड्या विरळ होतात.

मेणीखोरं :
पाचगणी पठारावरनं मी मोटारसायकलनं बऱ्याचदा गेलोय. ही महाबळेश्वरजवळची पाचगणी नव्हे, शेजारच्या गुढ्याचं नाव लावून बोलायचं म्हणजे घोळ होत नाही. चढ अंगावर येतो, आणि पवनचक्कीचे अवजड ट्रेलर जाऊन जाऊन मधेमधे डांबर उखडलंय, खडी वर आलीय. रिकाम्या सायकलला मजा येईल, लादलेल्या सायकलला ढकलावं लागेल, किती ते तुमच्या मेव्हण्यांच्या बोलण्यावर अवलंबून. वर सावली नाही, पाणी नाही, वारा मात्र समोरनं. पाणी प्रत्येकी तीन लिटर घ्या. जमणार नसेल तर आरळ्यातनं मागं शेडगेवाडी, येणपे, उंडाळे करत कराडला उतरा, तिथनं कोळे, तळमावले, ढेबेवाडी. लांब पडतं पण रस्ता चांगला, आणि हायवे फक्त ओलांडायचा आहे.

ती नकाशातली तुटक रेघ, त्याबद्दल राहवलं नाही म्हणून लिहितो. ती आमच्या जुन्या गावाची पायवाट आहे. उद्यान झालं तेव्हा आतली गावं उठवली, आम्हाला खाली सपाटीला जमिनी दिल्या, आजोबा मरेपर्यंत म्हणायचे इथं पाऊस पडतच नाही, नुसतं भिजतं. नकाशावाल्यानं रेघ ठेवलीय, गाव नाही ठेवलं. ती बघून कुणी आत घुसू नका एवढंच.

सायकल_आणि_भाकरी :
चाळकेवाडीचा पठार जरूर करा पण उलट दिशेनं केलं असतं तर बरं झालं असतं. पाटणकडनं वर येणं म्हणजे सकाळची सगळी ताकद संपते. एकदा वर आलात की ठोसेघर, मग सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत जवळजवळ उतारच. गडावर शेवटी पायऱ्या आहेत, सायकली खाली पार्किंगला कुलूप लावून ठेवा. वर दुपारचा महाप्रसाद मिळतो, राहायला भक्तनिवास आहे. मेव्हण्यांचा चहाचा प्रश्न तिथं सुटतो.

कासला जायचा मोह आवरा, फुलं ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत, डिसेंबरात नुसतं वाळलेलं गवत. पण एक दिवस उरला तर साताऱ्यातनं यवतेश्वर घाट चढून कास, खाली बामणोली, आणि बोटीनं तापोळा असं करा. मोठ्या बोटीत सायकली आडव्या टाकून नेता येतात, आमच्याकडनं सायकलचं वेगळं भाडं घेतलं होतं, आधी बोलून ठरवा. मात्र तापोळ्यातनं महाबळेश्वरचा चढ सामानासकट म्हणजे अख्खा दिवस, त्यात दुसरं काही धरू नका.

(धागाकर्ता) :
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. मेणीखोरंवाल्या दादांचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. त्या दिवशी गार्डसमोर मी बराच वाद घातला होता, "नकाशात रस्ता आहे की" असं दोनतीनदा म्हणालो होतो, आता लाज वाटते.

मेव्हण्यांना वाचून दाखवलं. पठार रद्द, कराडवरनं ढेबेवाडी हे ठरलं, त्यांनी अर्ध्या मिनिटात ठरवलं. चांदोलीला जायचं पण धरणापर्यंतच, आणि चारच्या आत आरळ्यात परत. कोयनेत दोन मुक्काम, एक पूर्ण दिवस नवज्याला. चाळकेवाडीचं अजून भांडण चालू आहे, ते म्हणतात मागच्या कॅरिअरचं वजन कमी कर मग बोलू.

ट्रॅक्टरचं ऐकून सांगली ते शिराळा टेम्पोत सायकली टाकून जावं का असा विचार आलाय. तो फसवणुकीत मोडतो का? आणि एक राहिलंच, माझी ट्यूब २६ इंची, मोटारसायकलसारख्या जाड वॉल्व्हची, मेव्हण्यांची बारीक परदेशी वॉल्व्हची. पाटण किंवा ढेबेवाडीला त्या बारीक वॉल्व्हची ट्यूब मिळते का, का इथनंच चार घेऊन जाऊ?

कोयनाकाठ :
चार घेऊनच या. पंक्चरवाला पाटणला आहे, पण तो बारीक वॉल्व्ह बघून आधी दहा मिनिटं हसेल. टेम्पोचं बिनधास्त करा, शिराळ्यापर्यंत कुणी बघत नाही.