वर्चस्व असलेल्या कंपन्यांना हार्डवेअरची कागदपत्रं खुली करायला लावावीत का?

दीपस्तंभ

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक निर्णय बाहेर आला, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीच्या खुल्या ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टीव्हीला चित्र पाठवण्याचं एचडीएमआय २.१ हे मानक चालावं म्हणून ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एएमडीच्या अभियंत्यांनी कंपनीच्या वकिलांबरोबर बसून प्रस्ताव तयार केला होता. ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरम या मंडळाने तो फेटाळला. कार्ड तुमचं, टीव्ही तुमचा, केबल तुमची, कार्ड बनवणारी कंपनीही राजी. तरी ४के चित्र पूर्ण दर्जात १२० हर्ट्झने दाखवण्याची सोय खुल्या ड्रायव्हरमधून द्यायची नाही, कारण ते तपशील सभासदांपुरते आहेत.

माझं म्हणणं थेट मांडते. ज्या कंपनीचा किंवा मंडळाचा बाजारावर एवढा ताबा आहे की ग्राहकाला दुसरीकडे जायला वाटच उरत नाही, त्यांच्यावर प्रोग्रामरला लागणारी कागदपत्रं जाहीर करण्याचं कायदेशीर बंधन असावं. चिपचा आराखडा कोणी मागत नाहीये. ट्रान्झिस्टर कसे मांडले, कुठल्या प्रक्रियेने बनवले, ते तुमच्यापाशी ठेवा. हवेत ते रजिस्टरांचे, म्हणजे चिपला हुकूम देण्याच्या छोट्या कप्प्यांचे, पत्ते, प्रत्येक बिटचा अर्थ, चिप सुरू करण्याचा क्रम आणि ज्ञात दोषांची यादी.

हे नसलं की काय हाल होतात ते नूवो प्रकल्पाकडे बघून कळतं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांसाठी खुला ड्रायव्हर लिहिणारी ही मंडळी. एमएमआयओट्रेस हे नोंद ठेवणारं साधन लावायचं, कंपनीचा बंद ड्रायव्हर चालू करायचा आणि तो कुठल्या पत्त्यावर कुठला आकडा लिहितो याची लांबलचक नोंद घ्यायची. मग रिझोल्यूशन बदलून पुन्हा तेच. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून कुठला आकडा बदलला ते शोधायचं आणि अमुक रजिस्टर घड्याळाचा वेग ठरवत असावं असा अंदाज बांधायचा. मग स्वतः तिथे आकडा लिहून बघायचा. चुकला तर पडदा काळा, मशीन गोठलेलं, परत पहिल्यापासून. वर्षानुवर्षं लोकांनी हे केलं. आणि २०१४ च्या सुमारास आलेल्या मॅक्सवेल कार्डांच्या दुसऱ्या पिढीपासून कंपनीची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) नसेल तर कार्ड वेगच वाढवू देईना. एवढं शोधून काढूनही कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीवर रखडलं.

अशी सक्ती नवी नाही. १९५६ मध्ये अमेरिकी सरकारबरोबरच्या तडजोडीत आयबीएमला यंत्रं नुसती भाड्याने न देता विकावी लागली आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग द्यावे लागले. १९६८ मध्ये कार्टरफोन प्रकरणात एफसीसी या अमेरिकी दूरसंचार नियामकाने टेलिफोन कंपनीला सांगितलं की जाळ्याला अपाय होत नसेल तर परकं उपकरण जोडायला मनाई करता येणार नाही. पुढे त्या जोडणीचे तपशील नियमांतच छापले गेले. आन्सरिंग मशीन, फॅक्स, मोडेम यांना मोकळं रान मिळालं ते त्यामुळे.

विरोधातली मतं ऐकायची आहेत, पण «कंपनीची मालमत्ता, कंपनीची मर्जी» एवढ्यावर थांबू नका.

सिलिकॉनकर

चिप कंपनीत कागदपत्रं लिहिण्याचं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. माझा विरोध आहे.

कपाटात एक नीटनेटकं पुस्तक आहे आणि आम्ही ते देत नाही, अशी कल्पना बाहेर असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. अर्धी माहिती डिझाइनच्या फाइलींतून आपोआप तयार झालेल्या तक्त्यांत असते, पाव माहिती जुन्या ईमेलमध्ये आणि उरलेली दोन-तीन ज्येष्ठ लोकांच्या डोक्यात. एखाद्या बिटसमोर «राखीव» लिहिलेलं असतं, कारण त्यामागचं सर्किट नीट चालत नाही आणि आमच्याच ड्रायव्हरने त्याला हात लावायचा नाही असं ठरलेलं असतं. हे बाहेर देण्याजोगं करायचं तर अनुभवी माणसं महिनोन्महिने अडकतात, आणि पुढची चिप डोक्यावर बसलेली असतेच.

दुसरं, चिपमधलं सगळं आमचं नसतं. इंटेलचं जीएमए ५०० आठवा. खुल्या ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी नावाजलेली कंपनी, पण त्या चिपमधला ग्राफिक्सचा गाभा इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीजकडून घेतलेला. त्यामुळे इंटेलला मोकळं होता आलं नाही आणि लिनक्सवाल्यांनी त्या चिपपायी बराच मनस्ताप भोगला. आजच्या मोबाइल चिपमध्ये असे विकत घेतलेले ब्लॉक ठिकठिकाणी असतात आणि प्रत्येकाचा करार वेगळा.

तिसरं कारण कंपन्या उघड बोलत नाहीत. रजिस्टरांची रचना छापली की पेटंटचे दावे लावून पैसे उकळणाऱ्यांना आयता पुरावा मिळतो. बिटच्या वर्णनावरून आत कुठली युक्ती वापरलीय याचा माग काढता येतो.

सोल्डरगन

दीपस्तंभ यांना पूर्ण पाठिंबा.

आमच्या प्रयोगशाळेत मोजमापाचं एक यंत्र आहे. यांत्रिक भाग ठणठणीत, सेन्सर ठणठणीत. ते चालतं संगणकात बसवलेल्या एका पीसीआय कार्डावर आणि कार्डाचा ड्रायव्हर आहे फक्त विंडोज एक्सपीसाठी. बनवणाऱ्यांनी आधार कधीच थांबवला. कागदपत्रं मागितली तर उत्तर आलं, नवं मॉडेल घ्या. म्हणून तो जुना संगणक नेटवर्कपासून तोडून ठेवलाय. मोजणी झाली की आकडे पेन ड्राइव्हवर घ्यायचे, तो आधी दुसऱ्या मशीनवर तपासायचा, मग पुढे. मदरबोर्ड गेला की यंत्र भंगारात. त्या कार्डाच्या रजिस्टरांची चार पानं मिळाली असती तर आमच्याकडच्या एखाद्या विद्यार्थ्यानेही ड्रायव्हर लिहिला असता.

पेटंटचा मुद्दा सिलिकॉनकरांनी प्रामाणिकपणे मांडला, पण त्या भीतीचा भार ग्राहकाने का उचलायचा? कागदपत्रं नाकारली की माणूस स्वतः शोधायला जातो, आणि तिथे कुलूप असेल तर अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याचं कलम १२०१ आडवं येतं. डिजिटल कुलूप तोडणं हाच गुन्हा. त्यातून सवलत हवी तर दर तीन वर्षांनी नव्याने मागायची. म्हणजे सांगणारही नाही आणि शोधूही देणार नाही. ओरेगनने २०२४ मध्ये सुटे भाग सॉफ्टवेअरने जखडण्यावर बंदी घातली, ते पाऊल योग्य दिशेने आहे.

अर्थमीमांसक

तळमळ समजते, पण कागदपत्रं खुली झाली की मक्तेदारी ढासळते या गृहीतकाला इतिहास साथ देत नाही.

आयबीएमने १९८१ मध्ये पीसी आणला तेव्हा त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटचे आराखडे होते, बायॉसचा, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, संपूर्ण प्रोग्रामही छापलेला होता. यापेक्षा खुलं काय असणार? कॉम्पॅकने तशीच चालणारी यंत्रं बनवली, फिनिक्सने १९८४ मध्ये इतरांना विकण्यासाठी बायॉस तयार केला, आयबीएमच्या हातून बाजार निसटला. सत्ता गेली कुठे? एक पायरी खाली इंटेलकडे आणि एक पायरी वर मायक्रोसॉफ्टकडे. एक थर खुला झाला की नफा शेजारच्या बंद थरात जाऊन बसतो.

आणि ग्राफिक्सचंच बघा. एएमडीने २००७ मध्ये कागदपत्रं द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी एनव्हिडियाने कूडा, म्हणजे आपल्या कार्डांवर आकडेमोडीचे प्रोग्राम चालवण्याची प्रणाली, आणली. आज कोण पुढे आहे हे सांगायला नको. एनव्हिडियाची पकड रजिस्टरांच्या गुपितावर नाही, कूडावर लिहिलेल्या अफाट सॉफ्टवेअरवर आहे. त्याहून खाली गेलात तर प्रगत चिपसाठी लागणारी ईयूव्ही यंत्रं (सिलिकॉनवर अतिसूक्ष्म आकृत्या उमटवणारी) जगात एएसएमएल ही एकटी कंपनी बनवते. तिची पुस्तिका उद्या रस्त्यात वाटली तरी दुसरं कोणी ते यंत्र बनवू शकणार नाही.

मक्तेदारी मोडायची तर विलीनीकरणं रोखा. एनव्हिडियाने २०२० मध्ये आर्म ही चिपचे आराखडे पुरवणारी कंपनी घ्यायचं जाहीर केलं होतं. एफटीसी या अमेरिकी स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२१ मध्ये त्याविरुद्ध तक्रार दाखल केली, इतर देशांच्या नियामकांनीही आक्षेप घेतले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तो व्यवहार बारगळला. परिणाम याला म्हणतात.

दीपस्तंभ

@अर्थमीमांसक, पीसीचं उदाहरण तुमच्या बाजूने नाही. सत्ता इंटेल आणि मायक्रोसॉफ्टकडे गेली हे खरं, पण पीसी बनवणाऱ्या कंपन्या किती झाल्या, भाव कसे उतरले आणि कोणत्याही पीसीवर लिनक्स टाकता येतं ते कशामुळे, हेही धरा ना. मोबाइलवर तसं का होत नाही? तिथे प्रत्येक चिप वेगळी सुरू होते आणि कशी ते कंपनीलाच ठाऊक. हार्डवेअर धडधाकट असताना निव्वळ सॉफ्टवेअरचे अपडेट थांबले म्हणून फोन टाकून दिले जातात. मला आव्हान द्यायचंय ते या सत्तेला. कुठली कंपनी पहिली आणि कुठली दुसरी, याच्याशी मला कर्तव्य नाही. विकून झाल्यावरही वस्तूवर हुकूमत कोणाची, हा माझा प्रश्न आहे.

शेजारच्या थराबद्दल म्हणाल तर तोही उघडता येतो. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला आणि सर्व्हरांच्या आपसातल्या बोलण्याचे तपशील द्यायला सांगितलं. डिसेंबर २००७ मध्ये विंडोजच्या सर्व्हरांशी बोलणारं सांबा हे खुलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना एकरकमी १०,००० युरोंत ती कागदपत्रं मिळाली, खुल्या प्रकल्पात वापरता येतील अशा अटींवर. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने प्रोटोकॉलची, म्हणजे त्या बोलण्याच्या नियमांची, ३०,००० पानं संकेतस्थळावर ठेवली. आकाश कोसळलं नाही, कंपनी बुडाली नाही, आणि विंडोजच्या जाळ्यात लिनक्सचा सर्व्हर बसवणाऱ्यांची अडचण बरीच कमी झाली.

@सिलिकॉनकर, «माहिती ज्येष्ठांच्या डोक्यात असते» हे वाचून मला तर सक्तीची जास्तच गरज वाटली. हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्रापासून विजेच्या ग्रिडपर्यंत ज्या चिप जातात, त्यांचं ज्ञान दोन माणसांच्या आठवणीवर असू नये.

चौथा मजला

मी खुल्या हार्डवेअरच्या बाजूचा, तरी एक काळजी आहे. सरसकट सक्ती लहान कंपन्यांच्या मुळावर येईल. थ्री-डी प्रिंटरच्या जगात रेपरॅप या प्रकल्पाच्या खुल्या आराखड्यांवर अख्खा उद्योग उभा राहिला. त्यातून मेकरबॉट ही कंपनी निघाली आणि २०१२ मध्ये तिनेच दार लावून घेतलं. असे प्रिंटर बनवणाऱ्या जोसेफ प्रूसा यांच्यासारखा खुलेपणाचा खंदा पुरस्कर्ताही २०२३ मध्ये जाहीरपणे म्हणाला की आयत्या नकला करणाऱ्यांपुढे हा मार्ग टिकवणं जड जातंय. त्यामुळे वर्चस्वाची अट धाग्याच्या शीर्षकापुरती ठेवू नका, कायद्यातही पक्की हवी. आणि आराखडे व प्रोग्रामरची कागदपत्रं यांतली रेघ मिटता कामा नये.

सिलिकॉनकर

सांबाचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. आदेश २००४ चा, कागदपत्रं हाती आली २००७ च्या अखेरीस. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टने जे दिलं ते अपुरं आणि चुकांनी भरलेलं ठरलं, म्हणून जुलै २००६ मध्ये आणखी २८.०५ कोटी युरोंचा दंड झाला. सक्तीने लिहून घेतलेली पुस्तिका अशीच असते. पानं मोजून घ्या, उपयोग शून्य.

एचडीएमआयचाही धडा घ्या. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात बसणारा ड्रायव्हरचा भाग) खुलं केलं, पण महत्त्वाचं बरंचसं काम कार्डावरच्या बंद फर्मवेअरमध्ये हलवलं. एचडीएमआय २.१ तिथे चालतं. तुम्ही रजिस्टरं उघडायला लावाल तर कंपन्या रजिस्टरं कमी करतील आणि सगळं फर्मवेअरच्या पोटात घालतील. कागदोपत्री खुलं, प्रत्यक्षात आधीपेक्षा बंद.

सुरक्षेबद्दल मात्र मी कंपन्यांची बाजू घेणार नाही. इंटेलच्या चिपांत स्वतंत्रपणे चालणाऱ्या मॅनेजमेंट इंजिनची माहिती गुप्त असूनही २०१७ मध्ये बाहेरच्या संशोधकांनी त्यात गंभीर भोक शोधलंच.

दीपस्तंभ

फर्मवेअरचा मुद्दा बिनतोड आहे, म्हणून बंधनात तोही थर घ्यावा लागेल. फर्मवेअरचा कोड देऊ नका, पण त्याला कुठले निरोप पाठवायचे आणि तो काय उत्तर देतो, हे छापा. आज तो संवाद आवृत्तीगणिक बदलतो आणि बाहेरचे लोक त्याच्यामागे धावतात.

निकृष्ट पुस्तिकेवर कसोटी लावता येईल. कॉम्पॅकने वापरलेलीच पद्धत: एका गटाने आयबीएमचा बायॉस वाचून तो काय करतो एवढंच लिहून काढलं, आणि मूळ कोड डोळ्यांनीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवा बायॉस लिहिला. नियामकाने कंपनीची कागदपत्रं अशाच अनभिज्ञ गटाला द्यावीत. पडदा उजळला, वेग बदलला, झोपवलेली चिप जागी झाली तर पास. नाही झाली तर दंड चालू.

सिलिकॉनकर

ही कसोटी पानं मोजण्यापेक्षा कितीतरी बरी. पण ती फक्त नव्या चिपना लावा. जुन्या चिपमधल्या विकतच्या ब्लॉकांचे करार मागे जाऊन बदलता येत नाहीत.

सोल्डरगन

जुन्या चिप वगळल्या तर माझं यंत्र गेलंच की! ज्या दिवशी कंपनी आधार थांबवते, त्या दिवशी कागदपत्रं आणि फर्मवेअरवरच्या सहीची किल्ली दोन्ही जाहीर करायला लावा.

सिलिकॉनकर

कागदपत्रांवर बोलता येईल, किल्लीला माझा ठाम नकार आहे. एकच किल्ली कित्येकदा चिपच्या अनेक पिढ्यांना वापरलेली असते. जुन्या यंत्रासाठी ती बाहेर आली तर आज वापरात असलेल्या यंत्रांवरही कोणीही हवं ते फर्मवेअर चढवेल.

दीपस्तंभ

मग किल्ली देऊ नका. आधार थांबवताना शेवटचं एक अपडेट द्या, ज्याने त्या जुन्या मॉडेलवरची सहीची तपासणी मालकाला स्वतः, यंत्राला हात लावून, बंद करता येईल. पिक्सेलसारख्या काही फोनांचं बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) मालकाला आजही उघडता येतं आणि त्यासाठी गूगलला स्वतःची किल्ली कोणाला द्यावी लागत नाही.