वाड्याच्या ओसरीत आर्ट गॅलरी काढायचं म्हणतोय. अशा जागा चालवतं कोण?

ओसरीवाला:
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आजोबांचा वाडा आहे. मागची बाजू पडली, पण पुढची ओसरी आणि दोन खोल्या धडधाकट आहेत. मी पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार गावी असतो. तिथे आजच्या चित्रकारांची कामं लावावीत आणि गावाला ती जागा आपली वाटावी, असं डोक्यात आहे. विक्रीचा विचार नाही. प्रत्यक्षात हे चालवतात कोण आणि कसं? घरचे म्हणतात, चार दिवस फोटो निघतील, मग तिथे गणपती मंडळाचं सामान येऊन पडेल.

काळाघोडा_पायरी:
मुंबईतलं एक उदाहरण सांगतो. कुलाब्यात झाशा कोलाह आणि सुमेश शर्मा यांनी २०१० मध्ये क्लार्क हाऊस इनिशिएटिव्ह ही प्रदर्शनांची जागा सुरू केली. स्वतःला ते कलाकारांची युनियन म्हणवायचे. चंद्रपूरकडच्या सास्ती गावचा, कोळसा खाणीत राबलेल्या घरातला प्रभाकर पाचपुते. त्याचं पहिलं एकल प्रदर्शन २०१२ मध्ये तिथेच झालं. विषय खाणकामगारांचा आणि चित्रं कोळशानेच काढलेली. २०२१ मध्ये आर्टेस मुंडी हा वेल्समधला आंतरराष्ट्रीय कला पुरस्कार सहा कलाकारांना मिळून दिला गेला, त्यात तो होता. पण ते कुलाबा. तालुक्यात कसं जमेल, जाणकार सांगतील.

चित्रकलेच्या बाई:
जाणकार वगैरे नाही, पण सांगते. २६ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं. निवृत्त झाल्यावर सांगलीकडच्या आमच्या गावात, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत अशी खोली आम्ही काही जण ९ वर्षं चालवतोय. नाव देत नाही, जाहिरात वाटेल.

आधी तुमचं शनिवार-रविवार. नाही जमणार. भिंतीवर काय लावायचं ते नंतर बघा, रोज कुलूप कोण उघडणार ते आधी ठरवा. पहिली २ वर्षं आम्ही हौशी लोकांनी पाळ्या लावल्या होत्या आणि दर तिसऱ्या दिवशी दार बंद. शेवटी गिरणीवाल्यांच्या सूनबाईंना महिना ६,००० वर बसवलं. "मला त्यातलं काय कळत नाही" असं त्याच म्हणायच्या. आता नवा चित्रकार आला की कुठली भिंत दुपारी तापते आणि जुलैत कुठे बुरशी धरते, हे त्या त्याला सुनावतात. उद्घाटनावर मात्र आम्ही खर्च करत नाही. एकदा एका पतसंस्थेने पैसे दिले आणि बदल्यात संचालकांचा फ्लेक्स आतल्या भिंतीवर लावून घेतला. लोक फ्लेक्ससमोर फोटो काढून घरी गेले. (त्या फोटोत मीही आहे.)

मग चपला. लोक उंबऱ्याशी चपला काढतात आणि तिथेच घुटमळतात. देवळात निदान घंटा असते, हात वर जातो. इथे पुढे काय करायचं ते कळत नाही. "आत यायला पैसे हायत का?" हे अजून ऐकते. आम्ही दाराच्या आत बाकडं आणि माठ ठेवला. पाणी प्यायला आलेला माणूस मान वर करतोच. तुमच्याच जिल्ह्यातलं औंध बघा ना. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९३८ साली त्यांनी संग्रहालय बांधलं ते यमाईच्या डोंगरावर, देवीच्या वाटेत. देवीला निघालेल्या माणसाला तिथे रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प बघायला मिळतं. जागा निवडावी तर अशी. आणि हो, चित्राचा मध्य ५७ इंचांवर हवा असं शिकवतात. आम्ही ५० वर आणलाय, पोरांसाठी आणि भिंतीशी खाली बसणाऱ्या बायकांसाठी.

चौथ्या वर्षी कोल्हापूरला शिकलेल्या एका पोराने ऊसतोडीवर काम मांडलं. तुळईला तंगुसाने टांगलेले २० कोयते. मुठी झिजलेल्या, काहींना सायकलची ट्यूब गुंडाळलेली. भिंतीवर २० नावं, मुकादमाच्या वहीतून उतरवलेली. कारखान्याकडच्या कोप्यांवरून, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवरून, एक बाई दळणाचा डबा घेऊन आल्या, बाहेर गिरणीची जुनी पाटी होती म्हणून. गिरणी बंद आहे म्हटलं, तरी डबा खाली ठेवून आत आल्या. बोट वर करून मोजलं.

"कोयते इस. माणसं चाळीस झाली की. मग नावं इसच का?"

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीची; वहीत नाव नवऱ्याचं. ते पोरगं ३ महिने फडात फिरलेलं, तरी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे! दुसऱ्या दिवशी त्या आणखी चौघींना घेऊन आल्या आणि सांगतील तशी नावं त्याने लिहून काढली. १६ झाली. उरलेल्या चार जोड्या तोवर दुसऱ्या कारखान्याला गेल्या होत्या, त्यांच्या जागा त्याने मोकळ्या ठेवल्या. गिरणीची पाटी आम्ही अजून काढलेली नाही.

सुतारकी:
जुनी चुन्याची भिंत असेल तर खिळा ठोकू नका, हातभर पोपडा खाली येईल. वर तुळईला लाकडी पट्टी मारा आणि तिथून तार सोडा.

तिरपागडा:
बाई, किस्सा ऐकायला बरा आहे. पण ऊसतोडीवर प्रदर्शन भरवणाऱ्यांनी माणूस ६,००० वर बसवावा?

चित्रकलेच्या बाई:
@तिरपागडा, लागलं. दुपारी १२ ते ५ एवढीच वेळ आहे, पण ती सबब झाली. गेल्या दिवाळीपासून ९,००० केले. गावातले ४५ जण महिना २०० देतात, ते सगळे त्यांच्या पगाराला जातात. वीजबिल माझ्या पेन्शनीतून. ९,००० सुद्धा कमीच आहेत, त्यांनी तसं तोंडावर सांगितलंय.

ओसरीवाला:
सगळ्यांचे आभार. तंगुसाची भानगड सुतारकींना व्यक्तिगत निरोपातून विचारतो. आमच्या शेजारच्या काकू ब्लाउज शिवतात, घरात जागा नाही म्हणून जिन्याखाली मशीन आहे. ओसरीत बसाल का, मशीन तिथेच ठेवा, वर महिन्याचे पैसेही देतो, असं विचारलं तर चालेल का? की चित्रांच्या मधे मशीन वाईट दिसेल?

चित्रकलेच्या बाई:
विचारा की. फक्त खिडकीजवळची जागा त्यांना द्या, सुईत दोरा ओवायला उजेड लागतो. चित्रांसाठी दिवे लावता येतील.