‘पर्स्वेड’ चिनी भाषकांना कसं शिकवावं?

काना_मात्रा: नमस्कार. चिनी बोलणाऱ्या प्रौढांच्या इंग्रजीच्या वर्गासाठी सल्ला हवा आहे. जवळपास सगळे ‘आय पर्स्वेडेड हिम, बट ही डिडन्ट लिसन’ असं लिहितात. दुरुस्त करून दिलं तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. याचं मूळ कशात आहे? सराव कसा द्यावा?

अवग्रह: मूळ शब्दकोशात आहे. इंग्रजी-चिनी कोशांत ‘पर्स्वेड’समोर सहसा ‘श्वोफू’ आणि ‘छ्युएनश्वो’ हे दोन्ही शब्द शेजारी दिलेले असतात. ‘श्वोफू’मध्ये समोरचा तयार झाला हे आलंच. ‘छ्युएनश्वो’ किंवा नुसतं ‘छ्युएन’ म्हणजे समजावणं. त्याने ऐकलं की नाही, ते त्यात येत नाही. मराठीत हा फरक आयता मिळतो. ‘खूप समजावलं, पण ऐकलं नाही’ हे सरळ वाक्य आहे. ‘त्याचं मन वळवलं, पण ऐकलं नाही’ हे मात्र लगेच कानाला खटकतं. ‘पर्स्वेड’ म्हणजे मन वळवणं.

त्यात चिनीतल्या ‘ल’ या प्रत्ययाची भर पडते. ‘छ्युएन’ला ‘ल’ लागला की समजावून झालं, एवढंच कळतं. विद्यार्थी त्याचा सरळ इंग्रजी भूतकाळ करतात आणि ‘तीनदा समजावलं’चं ‘आय पर्स्वेडेड हिम थ्री टाइम्स’ होतं. वाचणाऱ्याला वाटतं, गडी तीनदा तयार झाला! हवं होतं ‘आय ट्राइड थ्री टाइम्स टू पर्स्वेड हिम’.

सरावात वाक्य लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारायला लावा: शेवटी त्याने ऐकलं का? ऐकलं असेल तर ‘पर्स्वेडेड’. नसेल तर ‘ट्राइड टू पर्स्वेड’ किंवा ‘कुडन्ट पर्स्वेड’. नुसता सल्ला दिला असेल तर ‘अ‍ॅडव्हाइज्ड’, आग्रह धरला असेल तर ‘अर्ज्ड’. दहा चिनी वाक्यं द्या आणि निदान पाचांत समोरच्याने ऐकलेलं नसू द्या, नाहीतर सगळे डोळे मिटून ‘पर्स्वेडेड’ लिहितील.

पाटी_पेन्सिल: रचनेकडेही बघा. ‘पर्स्वेड हिम गो’ ही चूक हमखास दिसते, कारण चिनीत दोन क्रियापदांमध्ये ‘टू’सारखं काही लागत नाही. ‘पर्स्वेड हिम टू गो’ किंवा ‘पर्स्वेड हिम इन्टू गोइंग’ शिकवा. ‘जाऊ नको’ म्हणून वळवलं तर ‘पर्स्वेड हिम नॉट टू गो’. ‘नॉट’ची जागा ‘टू’च्या आधी.

उच्चारात शेवटचा ‘ड’ गळतो, कारण मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, उच्चारातल्या अक्षराच्या (सिलॅबलच्या) शेवटी ‘ड’ येतच नाही. ‘पर्स्वेड’मध्ये दोन अक्षरं आणि ‘पर्स्वेडेड’मध्ये तीन, हे टाळ्या वाजवून मोजून घ्या. जोर दोन्हीकडे दुसऱ्या अक्षरावर.

काना_मात्रा: आभारी आहे. ‘आय वॉज पर्स्वेडिंग हिम’ चालेल का? समजावणं चालूच होतं, या अर्थाने?

अवग्रह: तिथेही ‘आय वॉज ट्राइंग टू पर्स्वेड हिम’च द्या. नुसतं ‘वॉज पर्स्वेडिंग’ व्याकरणाने चुकीचं नाही, पण ते चालवून घेतलंत की ‘छ्युएन’ मागच्या दाराने परत येतो.